हात लावण्याआधी

पहिल्या दिवशी मी वहीत जी मोजदाद लिहिली ती अशी. अंगणात मोटरहोम एक. लांबी सहा मीटर, चाकं चार, चारही रबरी. गाडीपासून घरापर्यंत नारिंगी केबल एक, पंधरा मीटर, आत तीन तारा. गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू सात: फ्रीज, पंखा, दोन दिवे, पाण्याचा हीटर, बॅटरीचा चार्जर, छोटी शेगडी. घरात अशा वस्तू एकोणीस. घराच्या मुख्य बोर्डावर लहान ब्रेकर सहा, आणि त्या सगळ्यांच्या आधी एक मोठा, तीस मिलिअँपचा, गळती पकडणारा. माणसं चार: घरात आई, बाबा आणि मी, गाडीत दादा.

एवढंच होतं. मी दोनदा मोजलं होतं.

दादा पुलांची तपासणी करतो. कुठल्या खांबाला किती मिलिमीटरची चीर गेली आहे ते शिडीवर चढून मोजायचं, फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा आणि पुढच्या पुलाकडे निघायचं. चार वर्षं तो या गाडीतच राहत होता. गेल्या महिन्यात शिडी सरकली. नडगीच्या हाडावर स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू बसले, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं बजावलं. त्याच्या मित्राने गाडी चालवत आणली, आमच्या अंगणात लावली आणि किल्ली आईच्या हातात देऊन तो निघून गेला.

दादाला घरात घेता आलं असतं, पण झोपायच्या खोल्या वर आणि जिना उभा. खाली एकच मोकळी खोली, आणि तीही मोकळी नव्हती. तिच्यात बाबांची शिलाई मशिनं होती. बाबांनी चौतीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकान दादाने पुढे चालवावं असं त्यांच्या मनात होतं. दादाने नाही म्हटलं. बाबांनी त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं आणि सगळी मशिनं घरी आणून रचली. तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी थेट बोललेले नव्हते. बोलणं व्हायचं ते आईमार्फत.

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी नारिंगी केबल घराला जोडली. दहा एकेचाळीसला घरातली वीज गेली. मोठा ब्रेकर पडला होता.

तो ब्रेकर फार साधं काम करतो. एका तारेने जेवढा करंट घरात जातो, तेवढाच दुसऱ्या तारेने परत यायला हवा. कमी आला, तर मधेच कुठेतरी तो जमिनीत उतरतोय. कदाचित एखाद्या माणसातून. तीस मिलिअँपच्या आसपास फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो वीज तोडतो. ज्या वस्तूतून गळती होते ती शोधून काढायची, एवढंच आपलं काम. भौतिकशास्त्रात नुकतीच एमएस्सी झालेल्या मुलीला ते जमायला हवं.

सोमवारपर्यंत ब्रेकर पाच वेळा पडला.

"त्याला म्हणावं, स्वतःच्या गाडीत काय हवं ते कर," बाबा जेवताना आईला म्हणाले. "माझ्या घरात अंधार करायचा नाही."

"तो इथून दहा फुटांवर आहे. खिडकी उघडी आहे. तुम्हीच म्हणा की."

"मी कशाला म्हणू? घरात शास्त्रज्ञ आहे ना. शास्त्रज्ञ आहे आणि दिवा लागत नाही."

मी खाली मान घालून जेवत राहिले. बाबांनी पाणी प्यायलं, पेला ठेवला आणि म्हणाले, "रविवारपर्यंत. तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर गाडी डेपोमागच्या मैदानात लावायची."

मैदानात नळ नव्हता, वीज नव्हती आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नव्हतं. एका पायावरच्या माणसाने तिथे पाच आठवडे कसे काढायचे हे आईने विचारलं नाही. ती फक्त उठून भांडी गोळा करायला लागली, आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

मंगळवारी वायरमनकाका आले. हे दोन गल्ल्या सोडून राहतात आणि आमच्या घराचं मूळ वायरिंग त्यांचंच. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली आणि निदान केलं: गाडीत न्यूट्रल आणि अर्थिंगची तार कुठेतरी एकत्र बांधलेली असणार. शंका रास्त होती. आम्ही गाडीचा बोर्ड उघडून पाहिलं. तारा वेगळ्या होत्या. प्रत्येकीवर दादाने बारीक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती.

"काम चोख आहे," काका म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही. "मग एक करू. हा मोठा ब्रेकरच काढून टाकू. पूर्वी कुठे होते असले नखरे? तुझं लहानपण बिनब्रेकरचंच गेलं."

"मी तेच म्हणतोय," दारातून बाबा म्हणाले.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांनी मला गळती मोजायचा क्लॅम्प मीटर दिला होता. तो तारांभोवती चिमट्यासारखा अडकवून ठेवायचा. सर्वांत मोठा आकडा तो लक्षात ठेवतो. मी गाडीतल्या सातही वस्तू बंद केल्या आणि एकेक चालू करत गेले. सगळ्यांची मिळून गळती चार मिलिअँप निघाली. त्यातली निम्मी पाण्याच्या हीटरची. त्याच्या कॉइलमध्ये ओल शिरायला लागली होती. दादाला सांगितलं, नवी कॉइल येईपर्यंत हीटर लावू नकोस. पण चार मिलिअँपने ब्रेकर पडत नाही.

मग केबल तपासली. तिन्ही तारा ठीक. गाडी घरापासून पूर्ण सोडवून तिच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंतचा रोध मोजला: मीटरवर 'ओ-एल', म्हणजे करंटला जायला रस्ताच नाही. तसंच असायला हवं होतं. चार रबरी चाकं, पायरीखाली लाकडी फळी, सांडपाण्याला प्लास्टिकची नळी. गाडी जमिनीला कुठेही टेकलेली नव्हती.

तरीही केबल जोडली की दिवसभरात एकदा-दोनदा वीज जायचीच. गाडीतला मुख्य खटका बंद असला तरी जायची. केबल काढून ठेवली की एकदाही नाही. आणि नेहमीची गळती वजा केली की मीटरवर दर वेळी एकच आकडा उरायचा: एकतीस. झिजलेली तार गळते तेव्हा आकडा थरथरतो, वाढत जातो. हा थेट यायचा, तेवढाच यायचा, आणि संपायचा.

मी वहीत रकाने आखले. वेळ, आकडा, हवा दमट की कोरडी, कुठल्या वस्तू चालू. बुधवारी आणखी एक रकाना वाढवला: कोण काय करत होतं.

तो आईमुळे वाढवला. पहिल्या दिवसापासून वीज गेली की ती मागच्या दारातून एकच वाक्य म्हणायची: "मी हातसुद्धा लावला नाही." आम्हाला वाटायचं, दोष अंगावर येऊ नये म्हणून ती तसं म्हणतेय. बाबा तिला त्यावरून चिडवायचेही. "बरं बाई, तू नाही लावलास. मग काय वीज तुला बघून लाजली?"

बुधवारी मी मागे धुण्याच्या जागी उभी होते. सिमेंट ओलं होतं, साबणाचा वास होता, वॉशिंग मशिन घुरघुरत होतं. आई चपला दारात काढून आत आली, कारण तिने नुकतीच ती जागा धुतली होती. तिने झाकणाकडे हात नेला. घुरघुर थांबली. घरातला पंखा मंदावत गेल्याचा आवाज आला. आईचा हात झाकणापासून चार बोटं अंतरावर हवेत होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मी हातसुद्धा लावला नाही."

मी तिला बाहेर पाठवलं. ब्रेकर वर केला आणि मशिनच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत मोजलं. एकशे सत्त्याऐंशी व्होल्ट.

प्लग उपटून पाहिला. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन मुळापासून कापलेली होती. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली होती, बोटाला लागू नये म्हणून. हे काम कुणाचं ते विचारावं लागलं नाही. बाबांच्या दुकानातले बोर्ड जुने, दोन भोकांचे होते. तिथे येणाऱ्या प्रत्येक मशिनची तिसरी पिन ते कापायचे. शोभेची असते, म्हणायचे. मग घरभर फिरून पाहिलं. एकोणीसपैकी नऊ वस्तूंची तिसरी पिन तशीच गुळगुळीत.

"तुला कधी झटका बसला नाही?" मी आईला विचारलं.

"झिणझिणायचं थोडं. जुनं मशिन आहे." तिने खांदे उडवले. "चपला असल्या की नाही जाणवत."

इथवर सगळं पुस्तकातलं होतं. पुढचं नाही. अर्थिंग नसलेल्या मशिनच्या पत्र्यात वीज उतरली, तरी तिला जमिनीत जायला वाट नसते. कुणी हात लावेपर्यंत गळती शून्य असते आणि ब्रेकर आंधळा असतो. हात लागल्यावर तो पडतो. आधी पडू शकत नाही.

गुरुवारी आई बाजारात गेल्यावर मी प्रयोग केला. गाडीची केबल जोडलेली, मशिन चालू. लाकडी पट्टी पत्र्याला टेकवली: पाच वेळा, ब्रेकर पडला नाही. रबरी हातमोजा घालून तळहात टेकवला: पाच वेळा, पडला नाही. मग हातमोजा काढला, चपला काढल्या आणि ओल्या जमिनीवर उभं राहून हात हळूहळू पुढे नेला. वीज गेली. अंतर पट्टीने मोजलं: नऊ सेंटिमीटर. पुन्हा केलं. दहा. मग आठ, अकरा, नऊ. पाचपैकी पाच.

गाडीची केबल काढून उघडा हात पुढे नेण्याचा प्रयोग मी केला नाही.

पत्र्यावर साबणाचे वाळलेले शिंतोडे होते. त्यांत कुणाची बोटं उमटलीत का ते मी वाकून पाहिलं. काही नव्हतं.

मग बसून गणित केलं. दोनशे तीस व्होल्टवर एकतीस मिलिअँप जायला रोध किती हवा? सात पॉइंट चार किलोओहम. हा आकडा मला कुठल्या वस्तूचा वाटेना. म्हणून दुपारच्या चहाला सगळ्यांना ओल्या फरशीवर अनवाणी उभं केलं, ओल्या हातात मीटरची एक तार दिली आणि दुसरी जमिनीला लावली.

"तुला दुसरा उद्योग नाही का?" बाबा म्हणाले, पण उभे राहिले.

आई आठ पॉइंट दोन. मी आठ पॉइंट आठ. बाबा अकरा पॉइंट सहा. त्यांच्या टाचांना भेगा आहेत. त्यांना आकडा सर्वांत मोठा आल्याचा आनंद झाला. मग गाडीपाशी जाऊन दादाला खिडकीतून तार दिली आणि चांगला पाय ओल्या फडक्यावर ठेवायला लावला. नऊ.

"कसली परीक्षा आहे?" दादाने विचारलं.

"माणूस किती असतो त्याची." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही.

"या गाडीत मला कधी झटका बसला नाही," तो म्हणाला. "चार वर्षांत एकदाही. आणि वायरिंग तर मी केलंय." मग थोड्या वेळाने, "एकटंही वाटलं नाही कधी. मला वाटायचं माझा स्वभावच तसा आहे." मग त्याने कुबडीने सिंकच्या वरचं कपाट दाखवलं. "दाराच्या आतल्या बाजूला बघ. गाडी घेतली तेव्हापासून आहे. मी पुसलं नाही."

कपाटाच्या दारावर पेन्सिलीने लिहिलेली यादी होती. तारखा, वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे 'पडला'. अठ्ठावीस नोंदी, नीट एकाखाली एक, रकाने आखून. माझ्या वहीसारख्याच. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'ब्रेकर काढला. आता शांत.' त्याखाली काही नव्हतं.

गाडी दादाने एका बाईंकडून घेतली होती. त्यांचा नंबर त्याच्याकडे होता. मी फोन केला, वायरिंगबद्दल विचारायचं आहे म्हटलं. त्या बोलायला चांगल्या होत्या. गाडी त्यांच्या वडिलांची. घरी असली की अंगणात लावून घरालाच जोडलेली असायची.

"वीज सारखी जायची ना?" मी विचारलं.

"अहो, जीव नकोसा झाला होता. आई दर वेळी उठून चालू करायची. शेवटी बाबांनी तो ब्रेकर काढूनच टाकला."

"मग थांबलं?"

"थांबलं." पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. "आई त्याच महिन्यात गेली. ओल्या हाताने फ्रीज उघडला. बाबांनी मग गाडीकडे पाहिलंच नाही." त्या थांबल्या. "तुमच्याकडेही जाते का हो वीज?"

मी हो म्हटलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "काढू नका."

बाबांना मी यादी दाखवली नाही. त्यांना मशिनचा प्लग दाखवला, मीटर दाखवला आणि आई रोज कुठे हात लावते ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आकडा परत वाचला. जेवणानंतर ते बाहेर पडले आणि नवे प्लग घेऊन आले. शुक्रवार-शनिवार खालच्या खोलीत शिलाई मशिनांच्या मधोमध स्टुलावर बसून त्यांनी नऊच्या नऊ बदलले. प्रत्येक प्लग झाला की मला हाक मारायचे. "तपासून घे, शास्त्रज्ञ बाई." मी तपासायचे. नऊही ठीक.

रविवारी ब्रेकर पडला नाही. सोमवारीही नाही. गाडी मैदानात न्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आईला बाबा एवढंच म्हणाले, "त्याला म्हणावं, राहा."

"तुम्हीच म्हणा," आई म्हणाली.

एकोणीस दिवस वहीत एकच ओळ आहे: गळती दोन, घटना नाही. मी रोज मोजत होते. खरं सांगायचं तर वाटही बघत होते.

विसाव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला एक केबल आणून दिली. नारिंगी केबल लांब होती आणि आई तिच्यात दोनदा अडखळली होती. ही सात मीटरची, काळी, जाड. दोन्ही टोकांना नवे तीन पिनांचे प्लग, आणि प्लगपाशी दोऱ्याचे घट्ट वेढे. दुकानात मशिनच्या पायपट्ट्याला घालायचे तसे. ते करायला अख्खा दिवस लागला असणार.

"त्याला लावून दे," बाबा म्हणाले. "मी केली म्हणून सांगू नकोस."

मी लावली. दादाने खिडकीतून वेढे पाहिले. बराच वेळ पाहत राहिला.

ती केबल मी मोजली नाही. वहीत त्या दिवसापुढे जागा कोरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पाइप लावून अंगण धुतलं. साडेआठच्या सुमाराला ते स्वयंपाकघरात आले, आईने केलेल्या चहाचे दोन कप उचलले आणि बाहेर निघाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीपाशी गेले.

ओलं म्हणून त्यांनी चपला पायरीवर काढल्या होत्या. ते गाडीच्या दारापर्यंत गेले. थांबले. दोन्ही कप एका हातात घेतले. दुसरा हात दाराच्या कडीकडे नेला.

स्वयंपाकघरातला फ्रीज बंद पडला.

बाबांचा हात हवेत होता. त्यांनी वळून घराकडे पाहिलं.

"मी हातसुद्धा लावला नाही," ते म्हणाले.

मी धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. चहा सांडला. फाटकापाशी उभं राहा आणि कशालाही हात लावू नका, असं सांगितलं. दादाला खिडकीतून ओरडून सांगितलं, पलंगावरून उतरू नकोस.

"हीटर चालू आहे?" मी विचारलं.

"पाय शेकायला लावला होता. दहाच मिनिटं."

आत जाऊन ब्रेकर वर केला. खाली आला. पुन्हा केला. पुन्हा खाली आला. मीटरवर एकतीस. तिसऱ्यांदा तसंच. गाडीबाहेर पाच फुटांत कुणी नव्हतं.

केबल दोन्हीकडून काढली आणि मोजली. पहिली तार ठीक. दुसरी ठीक. तिसरी: ओ-एल.

प्लग उघडला. तिसरी पिन चकचकीत होती, स्क्रू घट्ट होता. स्क्रूखाली तार नव्हती.

"पिन लावली होती मी," बाबा फाटकापासून म्हणाले.

"हो बाबा."

"वायर दुकानातली आहे. जाड होती म्हणून घेतली."

"दोनच तारांची आहे ती."

बाबा कपांकडे बघत राहिले. एक रिकामा झाला होता, एकात निम्मा उरला होता. त्यांची मान खाली गेली, आणि मला एकदम ते म्हातारे दिसले. गाडीची खिडकी सरकली.

"बाबा," दादा म्हणाला, "गार होतोय तो."

चार वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांकडे पाहत होते. बाबांनी मला विचारलं, "देऊ?" खिडकीची चौकट प्लास्टिकची होती, केबल निघालेली होती. मी होकाराची मान हलवली. बाबांनी निम्मा कप हात लांब करून खिडकीतून दिला.

"साखर कमी आहे," दादा म्हणाला.

"पायाला चांगली असते कमी," बाबा म्हणाले, आणि पुन्हा फाटकापाशी जाऊन उभे राहिले, मी सांगितलं होतं तसे.

दादाला दार उघडू देण्याआधी मला खात्री करायची होती. हीटर बंद केला. बॅटरीची तार काढली. मीटरचा एक चिमटा दाराच्या कडीला लावला, दुसरा जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. चिमट्यांच्या मुठी प्लास्टिकच्या होत्या. मी रबरी चपलेत होते आणि मीटर लाकडी स्टुलावर ठेवून दोन पावलं मागे सरले. आई स्वयंपाकघराच्या दारात. बाबा फाटकापाशी. दादा आत लाकडी पलंगावर, हातात कप. चाकं चार, चारही रबरी.

मी आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि वहीत लिहिला.

दाराची कडी ते जमीन. सकाळी आठ वाजून एकेचाळीस मिनिटं. ७.४ किलोओहम.